गोव्याचा फॉर्म भरण्याआधी

लीड्स, इंग्लंड

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार. चि. संकेतला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आईचा आवाज ऐकला आणि लक्षात आलं की संकेतने गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ चं, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ करायच्या ट्रायथलॉन शर्यतीचं, नाव काढल्यापासून तिच्या जिवाला घोर लागलाय. फोनवर तुटक बोलणं होतं, म्हणून रात्रपाळी संपवून आज निवांत लिहायला बसले. संकेत, पत्र मोठ्याने वाच. तुझ्याविरुद्ध लिहिलेलंही वाच.

बाबांनी विचारलं होतं की ७०.३ हा आकडा आला कुठून. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यावर २१.१ किलोमीटर धावायचं. ही तिन्ही अंतरं मैलांत मोजून बेरीज केली की ७०.३ येतात. हे सगळं साडेआठ तासांत उरकावं लागतं, आणि पोहण्याला सव्वा तासही मिळत नाही. याच्या दुप्पट ती पूर्ण आयर्नमॅन. ती हवाईमध्ये १९७८ साली पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पुरी केली. मी करते ती स्प्रिंट, म्हणजे छोटी ट्रायथलॉन: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिकमध्ये असते ती याच्या दुप्पट.

संकेत, तू गोव्याला जाऊच नकोस असं मी म्हणणार नाही. या वर्षी जाऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. मिलिंद सोमणने २०१५ साली पन्नाशीला टेकताना झुरिकची पूर्ण आयर्नमॅन केली हे तू मला दोनदा ऐकवलंस. पण तो त्याआधी वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावत होता, हेही त्यातच आलं. तुझ्याकडे दम आहे, पण तो तीन ठिकाणी वाटून वापरायचा सराव नाही. मलाही तो इथेच शिकावा लागला.

आधी पाण्याचं सांगते, कारण बाबांना त्यातच जास्त रस असणार. बाबा, तुम्ही पाठीला डबा बांधून आम्हाला विहिरीत सोडलंत. त्यामुळे खोल पाण्याची भीती मला कधीच वाटली नाही, आणि इथल्या वर्गात ती किती मोठी देणगी आहे ते कळलं. माझ्या बरोबरीच्या कित्येकजणी तलावाच्या खोल टोकाला जायलाच घाबरत होत्या. पण विहिरीत आपण मान वर काढून पोहतो. इथे तोंड पाण्यात ठेवून, एका लयीत हात मारत लांबवर जायचं असतं. पहिल्या पंचवीस मीटरनंतरच मला धाप लागायची. रुग्णालयात दिवसभर जिने चढ-उतर करणारी मी, मला कळेना की दम जातो कुठे.

आमच्या क्लबच्या शिक्षिका साठीच्या आहेत आणि हे काम स्वखुशीने, बिनपगारी करतात. त्यांनी मला उथळ टोकाला कठडा धरून उभं केलं आणि पोहायलाच दिलं नाही. तोंड पाण्यात घाल आणि गुणगुण, म्हणाल्या. नाकातोंडातून बारीक बुडबुडे सलग निघाले पाहिजेत, आवाज तुटता कामा नये. मी आरतीची चाल धरायचे. मग मान फक्त इतकी वळवायची की गॉगलची एक काच पाण्यातच राहील, ओठांचा एक कोपरा बाहेर येईल, तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि पुन्हा गुणगुणायला लागायचं. हवा कमी पडते म्हणून धाप लागत नव्हती, आतली हवा मी सोडतच नव्हते. छातीत जुनी हवा कोंडून ठेवली की नवी घेणार कुठे? नर्स असून मला हे अंगाने कळायला कठडा धरून उभं राहावं लागलं. संकेत, त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावात जातोस ना? पुढचे दोन आठवडे लांबी मोजू नकोस. कठड्याशी उभा राहून हेच कर. आजूबाजूची पोरं बघतील, बघू देत.

तलावात जमलं म्हणजे उघड्या पाण्यात जमेल, असंही नाही. इथे मे महिन्यात तळ्याचं पाणी १४ अंशांच्या आसपास असतं. वेटसूट असतो, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख. तो ऊब देतो आणि शरीर वरही उचलून धरतो. तरी थंड पाणी मानेतून आत शिरलं की श्वास आपोआप झटक्यात आत ओढला जातो. त्याच क्षणी तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. म्हणून इथली आरएनएलआय ही समुद्रात जीव वाचवणारी संस्था सांगते, की पाण्यात घाबरलात तर आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग हातपाय मारा. तो पहिला झटका दीड-दोन मिनिटांत ओसरतो. आई, तुला यातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. मी पाण्यात उतरल्यावर आधी चेहरा भिजवते, तरंगते आणि मगच निघते. एकटीने तर मी कधीच उतरत नाही.

गोव्याला थंडीचा प्रश्न नाही, मिरामारचं पाणी कोमटच असतं. पण तिथे सरळ जायला तलावासारखी तळाला काळी रेघ नाही, लाटा आहेत, आणि सुरुवातीला आजूबाजूच्यांचे हातपाय लागतात. दर थोड्या हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून मार्ग दाखवणारा नारंगी फुगा कुठे आहे ते बघावं लागतं, नाहीतर माणूस तिरका जाऊन अंतर वाढवून बसतो. मगरीसारखे फक्त डोळे वर काढायचे, डोकं उचललं की कंबर खाली जाते. हे सगळं नाशिकच्या तलावात बसून येणार नाही. त्यासाठी जाणत्या माणसांबरोबर, सोबत होडी असताना समुद्रात उतरावं लागेल. धरणात मित्राबरोबर गुपचूप पोहायचा बेत असेल तर तो आत्ताच सोड. माझं एवढं एक ऐक.

सायकलचं थोडक्यात. मी जुनीच घेतली. ऑटलीकडचे चढ आपल्या सापुताऱ्याच्या घाटासारखे लांब नाहीत, पण उभे आहेत, आणि वारा सतत समोरून येतो. आपल्या शर्यतीत पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वारा टाळता येत नाही. स्प्रिंटला १० मीटरचं आणि ७०.३ ला १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंड होतो. आणखी एक कडक नियम म्हणजे हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय रॅकवरच्या सायकलला हात लावायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. घाई कितीही असो, आधी डोकं सांभाळायचं. सायकलच्या बाबतीत नाशिकमध्ये तुला गुरूंची वाण नाही. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली, तेव्हा आपल्या गल्लीतही पेढे वाटले होते, आठवतं ना?

आईने कपड्यांचं विचारलं होतं. एकच पोशाख असतो, ट्रायसूट. गुडघ्याच्या वर थांबतो, बाह्या असलेलाही मिळतो, मी तोच घेतलाय. त्यातच पोहायचं, त्यातच सायकल, त्यातच धावायचं. मध्ये कपडे बदलायला जात नाहीत. इथे आजीच्या वयाच्या बायकाही तो घालून उतरतात आणि कोणी वळून बघत नाही. आणि आई, हा खेळ ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनीला आला तेव्हा पहिली शर्यत बायकांची झाली, अंतर पुरुषांइतकंच.

आता धावण्याकडे येते. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. सायकलवरून उतरून पहिली पावलं टाकली की पाय आपले वाटतच नाहीत. पावसानंतर द्राक्षबागेतली काळी माती चपलेला चिकटते आणि एकेक पाऊल उचलायला लागतं, तसे जड होतात. दोन व्यायाम लागोपाठ करायच्या या सरावाला इथे ब्रिक म्हणतात. सायकल झाली की लगेच बूट बदलून दहा-पंधरा मिनिटं धावायचं, आठवड्यातून एकदा. तो केला नाही तर शर्यतीच्या दिवशी पाय दगा देतातच.

माझ्या तळ्यातल्या पहिल्या स्प्रिंटला मी पाण्यातून निघाले तेव्हा आमच्या गटातल्या बहुतेक सायकली रॅकवरून गेल्या होत्या. सायकलवरही मला लोक मागे टाकत होते. त्यातला जवळपास प्रत्येकजण जाता जाता ‘शाब्बास, चालू दे’ असं काहीतरी म्हणत होता. मी ठरवल्याप्रमाणे हात राखून चालवली. धावायला लागल्यावरही पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू गेले, शेजारून बोलत बोलत जाता येईल इतकं हळू. तिसऱ्या किलोमीटरला पाय मोकळे झाले आणि मग मला मागे टाकलेले एकेक जण पुन्हा दिसायला लागले. शेवटच्या वळणावर मी जोरात होते, डोकं ताळ्यावर होतं आणि पोटात ढवळत नव्हतं. त्या वेळचा आनंद मला अजून पुरतोय. पदक सगळ्यांनाच देतात. माझं फ्रिजच्या दाराला लटकवलंय.

हे हात राखणं तुला जमेल का, याचीच मला शंका आहे, संकेत. लहानपणापासून तू पहिल्या झपाट्यात पुढे जाणारा. म्हणून आमच्या लीड्सच्या दोन भावांची गोष्ट सांगते. अ‍ॅलिस्टर आणि जॉनी ब्राउनली. २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदा जिंकली ती अ‍ॅलिस्टरने. त्याच्या मानासाठी इथल्या हॉर्सफर्थमध्ये लाल पत्रपेटी सोनेरी रंगवली आहे. रिओत धाकटा जॉनी रौप्य घेऊन आला. त्यानंतर महिन्याभरातच मेक्सिकोत कोझुमेलला जागतिक मालिकेची शेवटची शर्यत होती. तिथे दमट ऊन होतं, अगदी आपल्या कोकणासारखं. जॉनी पहिला होता. एक किलोमीटरही उरला नव्हता आणि तो झोकांड्या खात रस्त्याच्या कडेला गेला, त्याला पुढचं दिसेना. मागून अ‍ॅलिस्टर आला. त्याने भावाचा हात आपल्या मानेवर घेतला, त्याला जवळजवळ ओढत नेलं आणि रेषेवर आधी त्यालाच ढकललं. तोवर दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे निघून जिंकला होता, आणि जगज्जेतेपद जॉनीच्या हातून अवघ्या चार गुणांनी गेलं.

लोक या गोष्टीत भावाचं प्रेम बघतात, आणि ते आहेच. पण मी वॉर्डात उष्माघाताचे रुग्ण पाहिलेत, त्यामुळे मला दुसरंच दिसतं. जगातल्या सर्वोत्तम चार-पाच जणांपैकी एक, थंड यॉर्कशरमध्ये वाढलेला, ऐन ताकदीत असलेला मुलगा, आणि तोही दमट हवेत असा कोसळला. हवेतच ओल असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. इच्छाशक्तीने हे बदलता येत नाही. गोव्याला तुझं २१ किलोमीटरचं धावणं ऐन दुपारच्या उन्हात येणार. नाशिकच्या पहाटेच्या गार हवेत केलेला सराव तिथे पुरणार नाही.

तेव्हा माझं सांगणं असं. या हिवाळ्यात कोल्हापूर किंवा पुण्याकडची एखादी छोटी शर्यत गाठ. त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी तपासून घे. काकांना छातीचं दुखणं होतं, ते विसरून चालणार नाही. तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन कर. जितकं घटलं तितकं बहुतेक पाणीच गेलं असं समज आणि त्या हिशोबाने प्यायला शीक. जेलच्या पुड्यांवर पैसे घालवू नकोस. आईचं लिंबू सरबत, मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त घालून, आणि दोन-चार खजूर. मी लांबच्या सायकलीला तेच नेते. मात्र शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही पोटात घालायचं नाही. जे सरावात पचलं तेच.

तलावात न थांबता दीड किलोमीटर पोहता आलं आणि एक छोटी शर्यत हसत संपवलीस की पुढच्या वर्षीच्या गोव्याच्या फॉर्मचे पैसे मी भरेन. हा माझा शब्द, बाबांच्या साक्षीने. मलाही तिथे उतरायचं आहे. रजा मिळाली तर दोघं एकाच दिवशी मिरामारला उभे राहू. आईने मात्र तिकडे यायचंच, घरी बसून काळजी करायची नाही.

बाबा, छाटणीची धावपळ सुरू व्हायच्या आत गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. संकेत, डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी जातोस ते या आठवड्यात कळव. शिक्षिकाबाईंनी दिलेला बारा आठवड्यांचा सराव मी मराठीत लिहून काढलाय, तो सोबत जोडते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
ताई