बाई, तुम्ही आधी पेन्सिल हातात दिलीत

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमची वाचायची रीत आमच्या वाचनवर्गापुरती राहू नये असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं, म्हणून हे आभाराचं पत्र उघडपणे लिहितो आहोत. कविता समजावून सांगणारे बरेच भेटतात. भावार्थ ऐकताना सगळं पटतं, पण घरी पुस्तक उघडलं की ओळ पुन्हा परकी वाटते. तुम्ही भावार्थ शेवटी ठेवलात. आधी अक्षरं मोजायची, मग लघु-गुरू (कोणतं अक्षर आखूड उच्चाराचं, कोणतं लांब), मग अन्वय (शब्द गद्याच्या क्रमाने लावणं), मग ओळ मोठ्याने वाचायची आणि या सगळ्यानंतर अर्थाची चर्चा.

सुरुवात ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीने केलीत. ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ अक्षरं ६, ६, ८ आणि ४. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘आद्या’ हे स्त्रीलिंगी नाम समजलं जातं. चारही चरणांच्या शेवटी संबोधन आहे: हे आद्य, हे वेदांनी प्रतिपादिलेल्या, हे स्वतःच स्वतःला जाणणाऱ्या, हे आत्मरूप. तेवढं लक्षात आलं की ओवीत क्रियापद शोधत बसावं लागत नाही. दुसरी चूक चालीची. पहिल्या ओवीची चाल पकडून पुढे जावं, तर दुसऱ्याच ओवीत ‘देवा तूंचि गणेशु’ ७ अक्षरांचं आणि ‘अवधारिजो जी’ ६ अक्षरांचं. ओवीत अक्षरसंख्या बांधलेली नसते, यमक बांधलेलं असतं. म्हणून तुमचा नियम असा की तीन यमकांपर्यंत एका ओघात यायचं, तिथे किंचित थांबायचं आणि चौथा चरण सावकाश ठेवायचा. ओवीचं वजन बहुधा तिथेच पडतं. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा मजकूर एवढ्या एका थांब्याने कानाला आपला वाटू लागतो.

अभंगाचा हिशोब वेगळा. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया ॥’ यात ६, ६, ६, ४ अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’. पण छापताना दोन-दोन चरण एका ओळीत येतात, त्यामुळे डोळा ओळीच्या शेवटी यमक शोधतो आणि ते सापडत नाही. अभंग चार चरणांत तोडून लिहून घ्या, हे तुम्ही सांगितलंत ते एवढ्यासाठीच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मनाच्या श्लोकांना. पाठ असलेली गोष्ट वाचायला सगळ्यात अवघड, कारण २०५ श्लोक जिभेवर धावतात आणि मन मागेच राहतं. तुम्ही फळ्यावर ‘लगागा लगागा लगागा लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) लिहिलंत आणि पहिली ओळ त्यात बसवायला लावलीत: गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. वृत्त भुजंगप्रयात, १२ अक्षरं, चार य गण (‘लगागा’ या तीन अक्षरांच्या गटाचं नाव). ‘सर्वां’मधला ‘स’ ऱ्हस्व असूनही पुढच्या जोडाक्षराचा आघात येऊन गुरू होतो. हा आघात मात्र कानाने तपासायचा. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ यांत तो पडत नाही, म्हणून ‘तु’, ‘पु’, ‘कु’ लघुच राहतात. पुस्तकातला नियम पाठ करून इथेच घोटाळा होतो.

त्याच श्लोकातलं ‘मुळारंभ’ कोणी शुद्धलेखन सुधारतो म्हणून ‘मूळारंभ’ असं टंकलं, तर पहिलंच अक्षर गुरू होऊन ओळ लंगडते. ओवीत अशा बदलाने मोजणी बिघडत नाही, कारण तिथे अक्षरं मोजतात, मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन) नाहीत. लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या गणवृत्तात आणि मात्रांची बेरीज ठरलेल्या मात्रावृत्तात बिघडते. छापील प्रतींतले दोष कसे ओळखायचे हे आम्हाला यातून कळलं. ओळ अडखळली की आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं, मग कवीकडे बोट दाखवायचं.

मात्रा शिकवायला तुम्ही निवडलेलं उदाहरण तर फारच नेमकं होतं. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची.’ कोणाचा हात कशात चालतो हे सांगणारं वचन म्हणून सगळ्यांना ठाऊक. मात्रा मोजल्या तर १२ आणि १८, पुन्हा १२ आणि १८. म्हणजे मोरोपंतांच्या आर्येचं नाव घेणारी ओळ स्वतःच आर्येच्या गीती या प्रकारात आहे!

गाण्यांच्या बाबतीत तुमचा आग्रह होता की चाल बाजूला ठेवा. गीतरामायणातली ५६ गीतं १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी आली, आणि ती इतकी कानात आहेत की शब्द वाचलेच जात नाहीत. तुम्ही प्रत्येक गीतासमोर समासात दोनच गोष्टी लिहायला लावल्यात: कोण बोलतंय आणि कोणाशी. ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे दुःखाच्या प्रसंगी सुटं लावलं जातं. समासात ‘राम, भरताशी, चित्रकूट’ लिहिलं की ते नुसतं सांत्वन राहत नाही. परत न्यायला आलेल्या भावाला दिलेला तो नकारही आहे, कोणालाही दोषी न धरता दिलेला.

प्रेरणेची वचनं उतरवून घेणाऱ्यांनाही तुम्ही हेच सांगितलंत: वचनाच्या मागचा-पुढचा मजकूर सोबत उतरवा. गीतेतलं ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ इथवरच बहुतेक वहीत असतं. ३२ अक्षरांच्या अनुष्टुभ छंदातली ही १६. उरलेल्या १६ अक्षरांत ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ आहे, काही न करण्याचीही आसक्ती नको. पहिला अर्धा भाग एकटा घेतला की काहींना त्यात हातावर हात ठेवून बसायची मुभा दिसते, आणि श्लोक तीच नाकारतो. आमच्या दृष्टीने तुमची सगळ्यात मोठी मदत ही आहे, कारण वृत्तं पुस्तकातूनही शिकता येतात, अर्ध्या वचनावर न थांबण्याची सवय कोणीतरी लावावी लागते.

बाई, आता मोरोपंतांची केकावली घेतली आहे. पृथ्वी वृत्त, १७ अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे थांबा. पहिल्याच ओळीत, ‘सदाश्रितपदा सदाशिवमनोविनोदास्पदा’, आठवं अक्षर ‘सदा’पाशी संपतं आणि ‘शिव’ पलीकडे जातो. तुमच्या शिकवणीप्रमाणे आम्ही सामासिक शब्द न तोडता, ‘दा’ जरासा लांबवून वाचतो आहोत. पुढच्या शनिवारी सवड असेल तर ही ओळ एकदा तुमच्या तोंडून ऐकायची आहे. येताना तुमची जुनी प्रतही आणा, पाठ ताडून पाहू.

तुमचे कृतज्ञ,
वाचनवर्गातले सगळे