बसच्या टेस्टचा रिपोर्ट आम्हालाही वाचू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

नव्या ई-बस येणार म्हणून पेपरात रोज काहीतरी छापून येतं, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, एसी आहे, कॅमेरे आहेत वगैरे. पण चार-पाच वर्षं आपल्या रस्त्यांवर पळाल्यावर तिचा सांगाडा टिकेल का हे कुणीतरी तपासलं असेल ना, ते कुठे वाचायचं?

अमेरिकेत यासाठी सरकारी प्रोग्रॅम आहे, पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाला. 1980 मध्ये न्यूयॉर्कला ग्रुमन फ्लक्सिबल कंपनीच्या नव्याकोऱ्या बसच्या सांगाड्यांना तडे गेले, शेकडो गाड्या काढून घ्याव्या लागल्या, मग कुठे 1987 ला कायदा झाला की केंद्राच्या पैशातून बस घ्यायची तर ते मॉडेल आधी टेस्ट झालंच पाहिजे. मोठी बस कधी पॅसेंजरांइतकं वजन भरून, कधी रिकामी, अशी एकूण 15,000 मैल म्हणजे साधारण 24,000 किलोमीटर पळवतात, त्यातलं बरंचसं मुद्दाम खडबडीत केलेल्या ट्रॅकवर, आणि काय कधी तुटलं ते लिहून ठेवतात. मला सगळ्यात पटलं ते म्हणजे वायपरची मोटर, स्टार्टर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढून परत बसवायला किती वेळ लागला हेही रिपोर्टात असतं. गाडीखालच्या पिटमध्ये, म्हणजे खड्ड्यात, उतरून काम केलंय त्यालाच हे कळेल, एकेका गाडीत दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस मोडतो, हातच जात नाही, आधी भलतंच काहीतरी खोलावं लागतं, आणि तोवर गाडी डेपोत नि पब्लिक स्टॉपवर.

तिथेही सगळं आलबेल नाही हं. कितीतरी वर्षं पास-नापास भानगडच नव्हती, तडे गेले तरी रिपोर्ट झाला की बस विकायला मोकळी! 2016 च्या नियमाने 100 पैकी 70 मार्कांची अट आली. शिवाय टेस्ट होते एका गाडीची, कारखान्यातली पुढची हजारावी तशीच निघेल कशावरून? टेस्टच्या फीचे 80 टक्के तिथलं सरकार भरतं हे मला आधी खटकलं होतं, पण रिपोर्ट कुणीही उघडून वाचू शकतो, मग पैसे वसूल म्हणायचे.

आपल्याकडे टेस्टिंग नाही असं नाही. पुण्यातच गाड्या तपासणारी एआरएआय आहे, भोसरीला रस्ते वाहतुकीची संस्था सीआयआरटी आहे, बसची बॉडी कशी असावी याचा बस बॉडी कोड आहे, टाइप अप्रूव्हल म्हणजे विक्रीआधी मॉडेलला मंजुरी लागते. पण आपल्यापर्यंत पोचतं ते फक्त 'मंजूर', त्यामागची पानं नाहीत. 2023 ला शहरांना ई-बस देणारी केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना जाहीर झाली, 10,000 बस, केंद्राचे 20,000 कोटी. इतका पैसा देताय तर तिथेच अट घाला ना, रिपोर्ट वेबसाइटवर नसेल तर अनुदान नाही, आणि त्यात मेंटेनन्सचं पान हवंच. कंपन्या म्हणतील डिझाइन सिक्रेट आहे. अहो, सांगाड्याला तडा किती किलोमीटरला गेला यात कसलं आलंय सिक्रेट?

– एक निवृत्त एसटी मेकॅनिक, पुणे