छत्री धरणाऱ्या काकूंचे आभार

रात्रभर कोसळलेल्या पावसानंतर परवा सकाळी कुर्ल्याहून हार्बर लोकलने खारघर गाठलं. सुमारे १०७ मीटर उंचीचा पांडवकडा धबधबा ऐन भरात होता. खाली जायला बंदी, आणि ती योग्यच. म्हणून लांब रस्त्याकडेलाच ट्रायपॉड लावला. पाणी रेशमासारखं दिसायला शटर अर्धा सेकंद तरी उघडं लागतं, आणि नेमके तेव्हाच लेन्सवर थेंब! कणसं भाजणाऱ्या काकू गाडी सोडून आल्या नि २० मिनिटं कॅमेऱ्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा पदर निथळत होता. रिक्षावाल्या दादांनी लेन्स पुसायला कोरा सुती रुमाल दिला, परतही घेतला नाही. नावं विचारायची राहूनच गेली. काकू, दादा, तुमचे मनापासून आभार. फोटोच्या प्रती घेऊन रविवारी त्याच कोपऱ्यावर येतोय.