ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, त्यांचे मनापासून आभार

गेलं वर्ष फार वाईट गेलं. ज्या माणसावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला त्यानेच माझ्याबद्दल खोटं पसरवलं, काम गेलं, झोप गेली, आणि चर्चमध्ये बसूनसुद्धा मनात फक्त बदल्याचेच विचार यायचे, खरं सांगते.

त्या दिवसांत उपासनेनंतर एक आजी रोज शेजारी येऊन बसायच्या. काही विचारलं नाही, उपदेश तर नाहीच, नुसता हात धरून बसायच्या. आजी, तुमचे आभार कसे मानू!

आणि कोणीतरी माझ्या बायबलमध्ये चिठ्ठी ठेवली होती, त्यावर फक्त "लूक 23:34" लिहिलेलं. वधस्तंभावर खिळे ठोकलेले असताना प्रभू येशूने मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली, ते वचन. शंभरदा वाचलेलं, पण त्या रात्री पहिल्यांदा रडले. मग स्तेफन आठवला, येशूवरच्या विश्वासापायी ज्याला दगडांनी ठार मारलं तो, दगड अंगावर पडत असताना गुडघे टेकून त्यानेही तेच मागितलं (प्रेषितांची कृत्ये 7:60).

क्षमा एका दिवसात झाली नाही हं. आपला शिष्य पेत्र याला प्रभूने साताच्या सत्तर वेळा माफ करायला सांगितलं ते का, हे आता कळतंय, कारण एकाच गोष्टीसाठी रोज सकाळी नव्याने माफ करावं लागतं. आणि माफ केलं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं नाही, हे समजावणाऱ्या त्या ताईंचेही आभार.

चिठ्ठी ठेवणाऱ्या, तुम्ही जे कोण असाल, ती अजून त्याच पानात आहे.