भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कामावरील अपघातांच्या भरपाईचे दावे वर्षानुवर्षे रखडण्याबाबत

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

२२ एप्रिल २००३ ची पहाट. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. २००९ मध्ये भरपाई आयुक्तांनी, म्हणजे भरपाईचा दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, ३,२६,१४० रुपये आणि वर १२ टक्के व्याज मंजूर केलं. प्रकरण अपिलात गेलं. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, कारण अपघात कारखान्यात नव्हे, रस्त्यावर झाला होता. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घरून कामावर जातानाचा अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच धरायचा, असं न्यायमूर्ती मनोज मिश्रा आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने सांगितलं.

निकाल चांगला आहे. रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही तो उद्या लागू शकतो. पण बावीस वर्षं! २००३ मध्ये पाळण्यात असलेलं मूलही एव्हाना कमावतं होतं.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात कामगारांचे अर्ज-तक्रारी लिहून देतो. वकील नाही, पण कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बराच वेळ जातो. तिथे उभं राहून जे दिसतं, ते कायद्याच्या पुस्तकाच्या बरोबर उलटं असतं. भरपाई देय कधी होते, या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्येच लावून ठेवला आहे. ओडिशातल्या एका चित्रपटगृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एक हात तर शाबूत आहे, मग हे पूर्ण अपंगत्व कसं, असा मालकाचा युक्तिवाद. चार न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. आणि भरपाईचं देणं निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवशीच लागू होतं. २०१२ मध्ये न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं. आमच्याकडे मात्र मालकाच्या लेखी देणं सुरू होतं ते दरखास्त, म्हणजे निकालाच्या वसुलीचा अर्ज, लागल्यावर.

मधल्या काळात काय चालतं, ते सांगतो. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, अशी सोय असते. प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात, नाहीतर फूट पेडल जोडून देतात. मग एक हात जॉब सरकवायला मोकळा राहतो आणि तोच डायखाली (साच्याखाली) सापडतो. पुढे दावा लागला की मालकाची लेखी कैफियत (दाव्याला उत्तर) येते. पहिल्या परिच्छेदात, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे. चौथ्या-पाचव्यात, सेफ्टी गार्ड त्यानेच काढला. जो आपला कामगारच नाही, त्याने आपल्या मशीनचा गार्ड काढल्याचं यांना कसं कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम १२ मध्ये होतं. तरीही याच मुद्द्यावर तारखा पडत राहतात.

रक्कम काय असते? तीस वर्षांच्या माणसाचा हाताचा अंगठा गेला तर कायद्याच्या परिशिष्टानुसार कमाईची ३० टक्के क्षमता गेली. महिन्याचा पगार १५,००० धरला तर वयानुसारच्या कोष्टकाने भरपाई येते ५,६१,५४६ रुपये. पगार बावीस हजार असला तरी हिशेब पंधरावरच, कारण मर्यादा तेवढी. आणि तीही जानेवारी २०२० मध्ये वाढली, त्याआधी जवळजवळ दहा वर्षं ८,००० वर अडकून होती. हा विषय केंद्राचा, पण राज्याने रेटा लावायला कोण अडवतं? ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असलेल्यांचा मार्ग वेगळा. त्यात कार्ड अपघातानंतर घाईघाईने काढण्याचे प्रकार आहेतच. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

महिनाभरात पैसे न भरल्यास व्याजाबरोबर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद त्याच १९२३ च्या कायद्याच्या कलम ४अ मध्ये होती. मालकाला खरी धास्ती या दंडाचीच. व्याज विमा कंपनी भरते. दंड तिच्यावर टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं आहे. तो स्वतःच्या खिशातून जातो.

न्यायालयाने काय निकाल द्यावा हे तुम्ही सांगू शकत नाही, सांगूही नये. पण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय तुमच्याच खात्याचं आहे. अपघातानंतर तिथला अधिकारी मशीन बघतो, अहवाल लिहितो. तो अहवाल जखमी कामगाराला मिळवायचा तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. त्याची एक प्रत थेट भरपाईचा दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली, तर चिकटपट्टी कोणी लावली यावरची निम्मी उलटतपासणी वाचेल. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी शासकीय रुग्णालयात महिनोन्महिने खेपा घालाव्या लागतात. त्यालाही ठरावीक मुदत घाला, आरोग्य खात्याशी बोलून.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कामावर येण्याजाण्यातले अपघात तिने स्पष्ट शब्दांत आत घेतले, हे उत्तमच. जुन्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचं बंधन आलं होतं. ते किती पाळलं गेलं हे व्हरांड्यातला कोणीही सांगेल, पण निदान त्यावर बोट ठेवता येत होतं. राज्याच्या नियमांत ती मुदत ठळकपणे असू द्या. आणि येत्या अधिवेशनात एक तक्ता सभागृहासमोर ठेवा: जिल्हावार, तीन महिन्यांहून जुने भरपाईचे दावे किती, आणि त्यांपैकी किती ठिकाणी न्यायाधीशाची खुर्चीच रिकामी आहे.

कळावे.

आपला,
कामगारांचे अर्ज लिहून देणारा एक कार्यकर्ता
पिंपरी-चिंचवड