नुसता वारसा म्हणून मोकळं होऊ नका

संपादक महोदय,

पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटदेशाच्या माजी पंतप्रधान फियामे नाओमी माताआफा यांच्यावरचा लेख वाचला, माहिती चांगली आहे पण त्या वडिलांच्या पुण्याईवर वर आल्या हे काही पटलं नाही. वडील देशाचे पहिले पंतप्रधान होते हे खरंच, पण ते १९७५ मध्ये गेले आणि त्यांची फियामे ही मताई पदवी (म्हणजे घराण्याच्या प्रमुखाचा मान) मिळवायला या मुलीला कोर्टात भांडावं लागलं, आणि तिथे मताई पदवी नसेल तर इलेक्शनलाच उभं राहता येत नाही. १९८५ पासून खासदार, २०२० मध्ये जमीन आणि पदव्यांच्या कोर्टाविषयीची बिलं पटली नाहीत म्हणून उपपंतप्रधानपद सोडलं (आपल्याकडे कोण सोडतंय!), २०२१ मध्ये संसदेला कुलूप दिसलं तर बाहेर तंबूत पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २०२५ ला सत्ता गेली, तो भाग वेगळा.

– एक वाचक, सांगली