दोन बॅटऱ्या, तीन पिवळ्या वायरी आणि काका

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच चहाचा विषय काढता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ आठवते ना? जिन्याखाली मी घामाघूम होऊन मोटरसायकलला किक मारत होतो आणि तुम्ही दुधाची पिशवी घेऊन वर निघाला होतात. "मोजलंस का?" तुम्ही विचारलंत. "हो, चोपन्न झाल्या," मी म्हणालो. "किका नव्हे रे, व्होल्ट!"

वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर, बॅटरी गेली. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, रेग्युलेटरही (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा) बदलून टाकू. तोही मी ऑनलाइन मागवून ठेवला होता. जुन्या मोज्यात गुंडाळलेला, व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन तुम्ही खाली आलात आणि ते खोकं बघून म्हणालात, "हे आत्ता उघडू नकोस."

एसटी बसच्या चोवीस व्होल्टच्या वायरिंगवर आयुष्य काढलेला माणूस माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीपुढे पाटावर बसला, पण पान्याला हात लावला नाही. पाना माझ्या हातात. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा आणि लावताना तो शेवटी, म्हणजे पाना चुकून चेसीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बॅटरी 11.8 व्होल्ट दाखवत होती. रात्रभर तुमच्या चार्जरवर ठेवली, सकाळी काढून दोन तास तशीच राहू दिली, मग 12.7. सेल्फ मारताना आकडा 10.6 पर्यंत उतरला आणि सावरला. दहाच्या खाली गेला असता तर तुम्ही तिच्यावर संशय घेतला असता. "ही निर्दोष आहे, सोड हिला," म्हणालात. मग गाडी चालू करून चार हजार आरपीएमपर्यंत रेस केली. चौदाच्या आसपास यायला हवं होतं, काटा (डिजिटल असला तरी मी काटाच म्हणणार) 12.6 वर अडकला. थोड्या वेळाने 12.5.

तेव्हा तुम्ही हेडलाइटकडे बोट दाखवलंत. एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांना तो बंद करायचं बटणच नाही. माझी 2018 ची. पंचावन्न वॉटचा हॅलोजन म्हणजे साडेचार अँपिअर एकटा तोच खातो, आणि मी बाजारपेठ ते खेर्डी, हॉर्न वाजवत, ब्रेक दाबत, कमी रेसवर. मिळकत कमी आणि खर्च रोजचा, मग बॅटरी नवी असली तरी उतरणारच.

आता मूळ गोष्ट. इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलच्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, तुम्ही मला सोडवायला लावलात. मीटर एसीवर, कॉइलच्या बाजूला, दोन-दोन वायरींमध्ये. तीन जोड्या, तिन्ही मोज. आयडलला वीसच्या आसपास, रेस वाढवली की साठ. "आकड्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते बघ." सारखे होते. मग गाडी बंद करून प्रत्येक पिवळी वायर इंजिनच्या बॉडीशी तपासली. कुठेच जोड दाखवला नाही, म्हणजे कॉइल शाबूत. "आता कपलर बघ."

एक पिन तपकिरी झाली होती आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. तीनपैकी दोनच वायरींचा करंट रेग्युलेटरपर्यंत नीट पोचत होता.

काका, कपलर सोडवतानाच तुम्हाला ती पिन दिसली असणार. मी मात्र वायरींचे रंग बघत बसलो होतो. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, अर्धा तास माझ्याकडून मोजून घेतलंत. खरे आभार त्या अर्ध्या तासाचे आहेत. लगेच बोट दाखवलं असतंत तर मी पिन दुरुस्त केली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा गॅरेजला पैसे देऊन आलो असतो.

करपलेला भाग कापला, सोल्डर केलं, त्यावर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. चार हजारला 14.2. "पंधराच्या वर गेलं तर मग ते खोकं उघड," म्हणालात. गेलं नाही. खोकं परत पाठवलं.

दिवाळीत तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा सेल्फ पुन्हा नुसती कटकट करू लागली. बॅटरी 12.6, चार्जिंग ठीक. फोनवर तुम्ही म्हणालात, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या बॉडीला, आणि सेल्फ दाब. 0.2 च्या आत यायला हवं. आलं 1.1. अर्थच्या बोल्टखाली कोकणातला पाऊस गंजून बसला होता. पॉलिश पेपरने घासला, वरून व्हॅसलीन फासलं, आणि गाडी एका दमात सुरू झाली. तुम्ही फोनवर तो आवाज ऐकलात आणि विचारलंत, तिकडे थंडी पडली का.

तुमचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली होती, नवी घातली. विचारणार हे माहीत आहे, म्हणून सांगून ठेवतो: दुसऱ्याच्या मीटरवर मोजून मगच बदलली. रविवारी आणून देतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा